मॅरँट्झ २२३० की पायोनियर एसएक्स-७८०? जुना रिसीव्हर (रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत) जिवंत करायचाय, सल्ला द्या

बाणेरचा_बंडू

मंडळी, निर्णय होत नाहीये म्हणून धागा काढतोय.

काका सत्तरच्या दशकात कुवेतला नोकरीला होते. तिथं घेतलेला मॅरँट्झ २२३० त्यांच्या सदाशिव पेठेतल्या घरी होता. अलीकडे त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी, एवढाच त्याचा उपयोग. वाडा आता बिल्डरकडे गेलाय. काकू म्हणाल्या, "नेतोस का? नाहीतर भंगारात देते." उचलून आणलाय. अजून पिन लावायची हिंमत केलेली नाही.

त्यात ऑफिसातला एक जण अमेरिकेहून परत येताना आणलेला पायोनियर एसएक्स-७८० विकतोय. चालू आहे, दोन मीटर झकास हलतात, पण १२० व्होल्टचा.

दोन्ही ठेवायला जागा नाही आणि खर्च एकावरच करू शकतो. हॉल साधारण १२ बाय १४, स्पीकर आठ ओहमचे बुकशेल्फ. ऐकणं म्हणजे शास्त्रीय, नाट्यसंगीत, थोडा रेडिओ, आणि काकांच्याच रेकॉर्डी. कुठला घेऊ? पुण्यात दुरुस्ती कुठं होते? 'नवीन घे' म्हणणाऱ्यांनीही लिहावं, पण कारणासकट.

नारायणपेठी

भंगारवाल्यानं काय भाव सांगितला ते कळलं की सल्ला देतो.

टोनआर्म (आधी हे वाचा)

बंडू, पिन लावली नाहीत हे उत्तम केलंत. तशीच राहू द्या.

इतकी वर्षं पडून असलेल्या सेटमधले मोठे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून सपाट करणारे डबे) आळसावलेले असतात. एकदम २३० व्होल्ट दिले तर त्यातला एखादा फुटू शकतो, आणि आधीच कुठला ट्रान्झिस्टर शॉर्ट असेल तर तो शेजारच्या चार जणांना घेऊन जातो. म्हणून सिरीज बल्ब. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि फेजच्या वायरीत बल्ब सिरीजमध्ये. बल्ब तारेचाच हवा, ६० किंवा १०० वॅटचा. एलईडी चालत नाही. पेठेतल्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा, मिळतो अजून.

स्पीकर काढून ठेवा, आवाज शून्यावर, मग स्विच. बल्ब क्षणभर भगभगून मंद झाला तर कपॅसिटर भरले, सेटमध्ये मोठा शॉर्ट नाही. भगभगीतच राहिला तर लगेच बंद करा आणि इथं येऊन लिहा.

आणि त्याही आधी मागची पट्टी वाचा. आखाती देशांत विकलेल्या सेटांना बऱ्याचदा व्होल्टेज बदलायची सोय असे. तो ११०-१२० वर ठेवलेला असेल तर बल्बही वाचवणार नाही.

डेसिबल

वॅटचं आधी बाजूला काढू, कारण पुढे कुणीतरी 'पायोनियर जास्त पॉवरफुल' म्हणणारच आहे.

२२३० म्हणजे चॅनेलला ३० वॅट. त्या मालिकेत शेवटचे दोन आकडे म्हणजेच वॅट: २२४५ चे ४५, २२७० चे ७०. एसएक्स-७८० चे ४५. म्हणजे दीडपट. कानाला फरक किती? पावणेदोन डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. १२ बाय १४ च्या हॉलमध्ये नाट्यसंगीत ऐकताना दोन-तीन वॅटच्या वर काटा जाणार नाही.

त्या काळच्या वॅटांवर विश्वास ठेवायला मात्र हरकत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७४ साली नियम केला की जाहिरातीत सांगायची पॉवर ही सतत देता येणारी हवी, दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालवून, विकृती किती तेही सांगून. त्याआधी 'म्युझिक पॉवर', 'पीक पॉवर' असला सगळा सावळागोंधळ होता. नियम आल्यावर मग कंपन्यांची खरी चढाओढ लागली. पायोनियरचा एसएक्स-१२५० निघाला १६० वॅटचा, आणि १९७८ मध्ये एसएक्स-१९८० थेट २७० वॅटचा. तो उचलायला दोन माणसं लागतात.

पाव_किलो

२७० वॅट? आमच्या गल्लीतल्या मंडळाला कळवू नका कृपया.

सोल्डरवाला_सातारकर

खरा प्रश्न वॅटचा नाही, आत काय आहे त्याचा आहे.

७८० मध्ये आउटपुटला सुटे ट्रान्झिस्टर नाहीत. सान्योचे दोन एसटीके-००५० आहेत, प्रत्येक चॅनेलला एक. काळा चौकोनी ठोकळा, सगळं आत सीलबंद. तो उत्तम वाजतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेला की गेला. आतला एक भाग बदलता येत नाही, अख्खा ठोकळाच बदलायचा, आणि त्याचं उत्पादन बंद होऊन जमाना झाला. बाजारात 'नवीन' म्हणून जे मिळतात त्यातले बरेचसे नकली. वरचं छापील नाव बोटानं पुसलं जातं, लावल्यावर दोन चॅनेलचा आवाज वेगळा, किंवा तिसऱ्या गाण्याला धूर.

२२३० मध्ये सुटे ट्रान्झिस्टर आहेत. एखादा उडाला तर गुणधर्म जुळणारा दुसरा बसवता येतो. मीटर आणि सोल्डरिंग आयर्न हातात धरता येणारा कुठलाही बरा मेकॅनिक तो उभा करू शकतो. आजपासून दहा वर्षांनी कुठला सेट दुरुस्त होऊ शकेल, एवढंच विचारा स्वतःला.

ऋजुता_क

सातारकरांशी सहमत, पण कुणीतरी कानांबद्दलही बोला की!

माझ्या सासऱ्यांकडे २२३० होता आणि दिराकडे ७८०, एकाच स्पीकरवर लावून ऐकलेत. 'मॅरँट्झचा आवाज उबदार' हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते मला निम्मं तरी त्या निळ्या डायलचं काम वाटतं. अंधारात तो निळा उजेड बघत मालकंस ऐकला की सगळंच ऊबदार लागतं. डोळे मिटून फरक सांगायला बसलो तर घरात एकमत झालं नाही. रेडिओला मात्र ७८० सरस, स्टेशन घट्ट धरतो.

एक गोष्ट २२३० ची खरंच उपयोगाची. बास आणि ट्रेबलच्या मध्ये 'मिड'चा वेगळा खटका आहे. जुन्या रेकॉर्डीत आवाज मागे आणि ऑर्गन पुढे असतो ना, तिथं मिड जरासा वाढवला की गाणारा पुढे येतो.

टोनआर्म

@ऋजुता_क, निळ्या डायलबद्दल +१. आणि ते आडवं चाक! बोटानं ढकललं की सुई जडपणे सरकत जाते. मॅरँट्झवाले त्याला जायरो-टच म्हणत.

आवाज_कमी_करा

कारणासकट लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

तळहाताएवढा क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर पाच-सात हजारांत येतो, ब्लूटूथसकट. वॉरंटी. तापत नाही, खात नाही. पन्नास वर्षांचं लोखंड दुरुस्त करण्यात वीस हजार घालून, वर दर पावसाळ्यात खरखर ऐकत बसणं हा छंद आहे, संगीत ऐकणं नव्हे. दोन्ही चांगलं, फक्त गल्लत नको.

डेसिबल

मुद्दा चुकीचा नाही. फक्त त्या तळहातावर फोनो इनपुट शोधून दाखवा. बंडूंना काकांच्या रेकॉर्डी ऐकायच्यात. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून निघतात काही मिलिव्होल्ट, शिवाय रेकॉर्डवर बास दाबून आणि ट्रेबल उचलून कोरलेला असतो, तो परत सरळ करावा लागतो. जुन्या रिसीव्हरमध्ये हे काम आतच होतं. तुमच्या क्लास-डीला वेगळा फोनो प्रीअ‍ॅम्प, रेडिओ हवा तर वेगळा ट्यूनर, हेडफोनची सोय वेगळी. मग तीन अ‍ॅडॉप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड.

आवाज_कमी_करा

रेडिओ मोबाइलवर. बाकी मान्य.

नारायणपेठी

दोघांचं एकमत! धाग्याची तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

मस्कतचा_मावळा

१२० व्होल्टबद्दल कुणी बोललं नाही अजून.

पायोनियर घेतलात तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर (आपल्या २३० व्होल्टचे १२० करणारा) लागेल, चांगला जाडजूड, ५०० व्हीएचा. प्रवासात वापरायचे हलके 'कन्व्हर्टर' मिळतात ते चुकूनही नको. त्यातले काही थायरिस्टरनं लाट कापतात, इस्त्रीला चालेल, अ‍ॅम्प्लिफायरला नाही. अमेरिकेतला सेट ६० हर्ट्झसाठी असेल तर आपल्या ५० वर त्याचा ट्रान्सफॉर्मर जरा जास्त तापतो. शिवाय आपल्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज २४५-२५० ला जातं, त्याच प्रमाणात स्टेप-डाऊनचं आउटपुटही वर.

जपानच्या देशी बाजारातला कुठला सेट स्वस्तात दिसला तर त्याहून सावध. एक तर १०० व्होल्ट, आणि एफएमचा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. पुण्यात त्यावर काय लागणार? रेडिओ सिटी ९१.१, मिर्ची ९८.३, विविध भारती १०१, सगळे त्याच्या बाहेर.

गुरुत्वमध्य

@मस्कतचा_मावळा, यात माझी भर: ऐंशीच्या दशकातले बरेच अमेरिकन डिजिटल ट्यूनर २०० किलोहर्ट्झच्या उड्या मारतात, ८७.९, ८८.१, ८८.३ असे. ९१.१ आणि ९८.३ बरोबर बसतात, पण १०१.० च्या अलीकडे १००.९ आणि पलीकडे १०१.१. विविध भारती अधांतरी. काट्याचा डायल असलेल्यांना ही अडचण नाही.

पाव_किलो

विविध भारती लागत नसेल तर तो रेडिओ नव्हेच.

माधवी_जोग

अवांतर होतंय पण विचारते. आमच्याकडच्या जुन्या सेटवर आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, आधी स्वच्छ लागायचं. आता नुसती घरघर. सेट बिघडला की केंद्र?

टोनआर्म

बहुतेक दोन्ही नाही. घरातले एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर हे सगळे मीडियम वेव्हवर कचरा ओततात. एकदा सगळं बंद करून एकेक दिवा लावत जा, दोषी सापडेल. सेटच्या मागं काळी दांडी असते, ती अँटेना. ती बाहेर ओढून सेटपासून लांब, आडवी फिरवा. दिशेप्रमाणे फरक पडतो.

एफएमसाठी बाजारातली टेलिस्कोपिक दांडी घेऊ नका. जुन्या टीव्हीची ती चपटी दोन तारांची वायर आठवते? तिचा दीड मीटरचा तुकडा आडवा, दोन्ही टोकांना तारा जोडलेल्या, मध्यावर एक तार कापून तिथून तशीच वायर खाली सेटच्या ३०० ओहमच्या स्क्रूंना. इंग्रजी टी आकार. कपाटाच्या मागं टाचून द्या.

माधवी_जोग

पॅसेजमधला एलईडी निघाला! तो बंद केला की भीमपलास स्वच्छ. मंडळ आभारी आहे.

बाणेरचा_बंडू (प्रगती)

टोनआर्म सांगतात तसा बोर्ड बनवला. १०० वॅटचा तारेचा बल्ब घराजवळच्या तिन्ही दुकानांत नव्हता, तपकीर गल्लीत मिळाला. मागे व्होल्टेजची निवड २२० वर आहे. झाकण काढलं तर ट्रान्सफॉर्मरच्या खाली पालीची दोन अंडी आणि शेजारी वाळलेली मालकीणबाई. ब्रशनं साफ केलं.

बल्ब भगभगला आणि मंद झाला. निळा डायल लागला, फक्त डावा कोपरा काळा. नंतर जुने, गेले तरी चालतील असे स्पीकर लावले. डावीकडे आवाज आहे पण व्हॉल्यूम फिरवला की खरखर. उजवीकडे पूर्ण शांत. रेडिओ आणि ऑक्स दोन्हीवर तसंच.

पुढे काय? पायोनियरवाला शनिवारपर्यंत थांबतोय.

अस्वल

ती पाल जुन्या काळची दिसतेय, तिलाही रिस्टोअर करा.

सोल्डरवाला_सातारकर

उत्तम बातमी आहे. आउटपुट उडालेला सेट असा मंद बल्बवर शांत बसत नाही.

उजवीकडची शांतता म्हणजे बहुधा मळ. पिन काढा, थोडा वेळ जाऊ द्या (फिल्टर कपॅसिटर भरलेले असतात, स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून मर्दानगी दाखवू नका, रेझिस्टरमधून रिकामे होऊ द्या). मग समोरचं प्रत्येक बटण भरपूर वेळा दाबा-सोडा, विशेषतः टेप मॉनिटर (टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकायचं बटण). त्यातून सगळा सिग्नल जातो, त्याचा एक संपर्क काळा पडला की एक चॅनेल गायब. कॉन्टॅक्ट क्लीनर नळीनं स्विचच्या आत, खटक्यांच्या खाचेत थोडासाच. दारांच्या बिजागरांवर मारायचा डब्ल्यूडी-४० यात मारू नका, आणि शिलाई मशीनचं तेल तर अजिबात नको. ते करणारे मेकॅनिक मी पाहिलेत.

गुरुत्वमध्य

टेप मॉनिटरवरून आठवलं. माझ्या मित्रानं 'डेड' म्हणून एक २२७० जुन्या बाजारातून अक्षरशः वजनावर घेतला. रविवारी सकाळी, मंगळवार पेठेत, नळाच्या तोट्या आणि सायकलच्या चेनच्या मध्ये ठेवला होता. डायल लागायचा, आवाज शून्य. दोन मेकॅनिकांनी 'आयसी गेला' सांगितलं. त्यात तसला आयसीच नाही! मागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशी भोकं असतात, त्यांना जोडणारे छोटे धातूचे यू-आकाराचे आकडे कुणीतरी काढून टाकले होते. साध्या आरसीए वायरीनं जोडलं आणि ७० वॅट मोकळे झाले.

नारायणपेठी

त्या मेकॅनिकांच्या दुकानावर पाटी लावा: 'येथे नसलेले आयसी बदलून मिळतील.'

बाणेरचा_बंडू

टेप मॉनिटर!!! पंचवीसेक वेळा दाबला आणि उजवा चॅनेल धाडकन आला. क्लीनर मारल्यावर खरखरही जवळजवळ गेली.

टोनआर्म

😀 आता खरी दुरुस्ती. सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदला, एकदाच. पन्नास वर्षांचे आहेत. १०५ अंशांचे, निचिकॉन किंवा पॅनासॉनिक. काम झालं की पुढची वीस वर्षं बघायला नको.

सोल्डरवाला_सातारकर

इथं आपलं जमणार नाही, टोनआर्म. चालू सेटमधले शंभर भाग सरसकट उपटणं म्हणजे शंभर नव्या चुकांना आमंत्रण. जुन्या बोर्डाचे तांब्याचे पट्टे दोनदा गरम केले की उचलले जातात. आधी मोजा. पॉवर सप्लायचे, आणि जे फुगलेत, गळलेत ते बदला. ट्यूनरच्या बोर्डाला तर हातच लावू नका, तिथली जुळवणी हलली की सिग्नल जनरेटरशिवाय परत बसत नाही.

टोनआर्म

ट्यूनरचं मान्य. पण पॉवर सप्लाय आणि अ‍ॅम्प्लिफायर बोर्डवरचे तरी सरसकटच. एकेक बदलायला चार वेळा झाकण उघडणार का?

सोल्डरवाला_सातारकर

हो. झाकणाला चार स्क्रू असतात, त्यासाठीच.

ऋजुता_क

आता हे दोघं दिवाळीपर्यंत भांडणार. बंडू, तुम्ही मधला मार्ग घ्या: आधी पॉवर सप्लाय, मग महिनाभर ऐका.

डेसिबल

भाग कुठून घेता ते महत्त्वाचं. बुधवार पेठेत सगळं मिळतं, नकलीसुद्धा. मोठ्या व्हॅल्यूचा कपॅसिटर हातात घेऊन वजन बघा. मोठ्या डब्यात छोटा कपॅसिटर घालून वर १०,००० मायक्रोफॅरड छापलेले सर्रास असतात. कपॅसिटर मोजणारा मीटर बरोबर न्या, दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. ट्रान्झिस्टर तर रीतसर बिल देणाऱ्या ऑनलाइन वितरकाकडूनच.

बदललं की स्पीकर लावण्याआधी टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. काही जुन्या सेटांत स्पीकरच्या आधी मोठा कपॅसिटर असतो, तिथं ही भीती कमी, पण मोजायला काय जातं?

आवाज_कमी_करा

एक प्रामाणिक प्रश्न. त्यावर 'लाउडनेस' म्हणून बटण आहे, ते दाबायचं की नाही? ऑडिओवाले मित्र म्हणतात दाबणं पाप आहे.

डेसिबल

रात्री हळू ऐकताना बिनधास्त दाबा. कमी आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मोजून दाखवलंय. बटण तेवढीच भरपाई करतं. आवाज वाढवलात की मात्र बंद करा. तुमच्या नावाला तर ते बटण शोभतंच.

बाणेरचा_बंडू

सर्वांचे आभार. पायोनियरला नाही म्हणून कळवलं. एसटीके आणि स्टेप-डाऊन वाचल्यावर मन उडालं, आणि मॅरँट्झ चालू झाल्यावर प्रश्नच उरला नाही. पॉवर सप्लायचे कपॅसिटर सातारकरांच्या पद्धतीनं बदलणार (सॉरी टोनआर्म). काकूंना फोनवर ऐकवलं. त्या म्हणाल्या, "रुमाल परत पाठव, तो माझ्या आईनं विणलाय."

राहिला डायलचा काळा कोपरा. बल्ब काढला, गेलेला आहे. त्याच्यामागचा कागद पण करपून तपकिरी झालाय. एलईडी टाकू का?

अस्वल

तो ७८० कितीला देतोय? व्यनि (खाजगी निरोप) करा.

सोल्डरवाला_सातारकर

@अस्वल, घ्या जरूर, पण जाताना मीटर न्या आणि अर्धा तास वाजवून दोन्ही एसटीकेंचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) हात लावून बघा. एक गार आणि एक चटका देणारा असेल तर चहा पिऊन परत या.

टोनआर्म

@बंडू, एलईडी टाकता येतो, पण त्या बल्बना एसी मिळतो. त्यामुळे साधा एलईडी लुकलुकेल, आणि निळाही वेगळाच, मोबाइलच्या दुकानासारखा दिसेल. फ्यूजच्या आकाराचा ८ व्होल्टचा तारेचा बल्ब मिळतो, तोच घाला. आहे त्यापेक्षा जास्त वॅटचा नको, कागद त्यानंच करपतो. कागदासाठी अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीवाल्याकडे जाड ट्रेसिंग पेपर मागा. जुना तुकडा जपून सोडवा, त्यावर ठेवून नवा कापा, आणि गोंद फक्त कडांना.